रविवारी गिट : येण्याआधी एवढं करून ठेवा

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता कोथरूडला, नेहमीच्याच जागी.

गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर घरूनच टाकून आणा. तिथलं वायफाय एकच, सगळ्यांनी एकदम डाउनलोड लावलं की कुणाचंच होत नाही. कॉन्फिगमध्ये नाव आणि ईमेल भरा, नाहीतर पहिल्याच कमिटला, म्हणजे बदलांची नोंद करताना, अडाल. गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) पुश करताना, म्हणजे कोड वर चढवताना, खात्याचा पासवर्ड ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही. त्याऐवजी एसएसएच की (ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी) बनवून तिची 'डॉट पब' शेपटीची फाइल उघडा आणि आतली ओळ खात्यात चिकटवा. बिनशेपटीची फाइल कुणालाही द्यायची नाही, शिकवणाऱ्यालाही नाही.

खरा घोळ होतो तो 'डॉट एन्व्ह' फाइलचा, म्हणजे प्रोजेक्टच्या गुप्त गोष्टी ठेवायच्या फाइलचा. ती एकदा कमिट झाली की गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) नाव घालून उपयोग नसतो, कारण आधीपासून ट्रॅक होणारी फाइल गिट सोडत नाही. 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' जोडून ती काढायची. डिस्कवरची प्रत तशीच राहते. जुन्या कमिटमध्ये मात्र तिच्यातली एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) दिसतच राहते. म्हणून पुश झाली असेल तर आधी ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास सावकाश साफ करू.

१०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेत नाही, डेटासेट आणू नका.

शंका ग्रुपवर विचारताना एररचा मजकूर कॉपी करा. स्क्रीनचे तिरके फोटो कृपया नकोत!

दुचाकी पी-१, पी-२ची पाटी आणि तारीख बघूनच लावा.