सिंगापूरहून दापोलीला, पायी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड आणि रायगड दोन्ही त्यात आहेत. तेव्हापासून आपल्या अंकात वाहनतळ, स्वच्छतागृहं, माहितीफलक याबद्दल बरंच वाचायला मिळतं आणि आनंद होतो. पण महाराजांच्या या दोन राजधान्यांना जोडणाऱ्या पायवाटांबद्दल माझ्या वाचण्यात एक ओळही आली नाही. यंदा तुळशीचं लग्न झालं आणि माझा शाळासोबती आणि मी या वाटेने राजगडाहून रायगडाला चालत गेलो. त्यातून जे पाहिलं ते कळवण्यासाठी हे पत्र.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. मित्र एसटीत कंडक्टर. दोघंही चौसष्ट वर्षांचे. त्याला घरची माणसंसुद्धा कंडक्टरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. निघताना माझ्या सॅकमध्ये वाटेवरच्या सहा गावांच्या गावनकाशांच्या प्रती होत्या. त्याच्या सॅकमध्ये दिवाळीचा उरलेला चिवडा, दोन किलो कांदे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. नोकरीतला चिमटा निवृत्तीच्या वेळी जमा करावा लागला, तेव्हा त्याने जुन्या बाजारातून तसाच दुसरा मिळवला. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात सॅक पाठीला लावल्यावर त्याने चिमटा दोनदा वाजवला, म्हणजे गाडी सुटली. एकदा वाजला की थांबायचं. चार दिवस आम्ही या टकटकीवरच चाललो.

चोरदरवाज्याच्या शेवटच्या चढावर रेलिंग धरून वर जाताना कांद्यांसकट त्याची सॅक दारात अडकली. तो ना आत, ना बाहेर. मागे पुण्याच्या मुलामुलींची रांग लागली. त्याने तिथूनच आवाज दिला, "पुढं सरका, मागं जागा आहे!" सगळी खिंड हसली. मग त्यातल्याच एका मुलीने सॅकचे पट्टे सोडवून त्याला आत ओढलं. रात्री पद्मावतीच्या देवळात त्याच कांद्यांची भजी झाली आणि ती मुलंही आमच्याबरोबर जेवली. चिवडा मात्र संध्याकाळीच माकडाने नेला होता.

दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून आम्ही तोरण्याच्या धारेला लागलो. या धारेवर कारवी माणसापेक्षा उंच वाढते, आणि कार्तिकात ती नुसती काड्यांची भिंत असते. त्यात वाट दोन हातांवर असली तरी दिसत नाही. एका ठिकाणी ढोरवाटेने मी डावीकडे गेलो, तो उजवीकडे. हाक मारली तर डोंगरावरून ती भलतीकडूनच परत येई. मग कुठून तरी टक, टक, टक ऐकू आली. हाकेला डोंगर फसवतो, पण ही बारीक लोखंडी टकटक नेमकी कुठून येते ते कळत होतं. मी तिच्या रोखाने काड्या बाजूला सारत गेलो. कारवी मोडून केलेल्या मोकळ्या जागेत हा मांडी घालून बसला होता, हातात चिमटा, डोक्यावर कारवीचा भुसा. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "काय राव, इष्टॉप सोडून उतरता!" तिथे बसून आम्ही पोट धरून हसलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हसण्याचं की घाबरल्याचं हे मी विचारलं नाही. चौथीत दोघं एका बाकावर बसायला लागलो, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली.

तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळात मुक्काम. तोरण्याच्या भुताच्या गोष्टी ट्रेकर मंडळींत फार चालतात, आणि शेजारी झोपलेली कॉलेजची मुलं झोपेपर्यंत त्याच सांगत होती. रात्री दीडच्या सुमाराला काळोखातून खणखणीत आवाज आला, "कात्रज... शिवापूर... चेलाडी... कापूरहोळवाले पुढं या!" एकतीस वर्षांच्या नोकरीत जी गाडी त्याने सगळ्यात जास्त केली, तिचे थांबे तो झोपेत घेत होता. मुलं स्लीपिंग बॅगसकट उठून बसली. एकजण मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागला. मी बॅटरी लावून दाखवलं की हा आमचाच माणूस आहे, तेव्हा कुठे सगळ्यांना धीर आला. सकाळी त्यातला एक लाजत त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, मी कापूरहोळचाच आहे."

तोरण्यावरून बुधला माचीच्या अंगाने उतरून दिवसभर चाललो आणि अंधार पडता पडता सिंगापूरला पोचलो. सिंगापूर आणि मोहरी ही घाटमाथ्यावरची, ऐन कड्याजवळची गावं. तिथून पुढे जमीन संपते आणि खाली कोकण सुरू होतं. कंडक्टरने घरी फोन लावून नातीला सांगितलं, "सोने, आज सिंगापूरला मुक्काम." तिने विचारलं, "विमानात खिडकी मिळाली का?" दुसऱ्या दिवशी सिंगापूर नाळ, म्हणजे कड्यातल्या घळीतून कोकणात उतरणारी पायवाट, उतरल्यावर खाली जे गाव लागतं त्याचं नाव दापोली. तिथून त्याने वहिनींना फोन केला, तर त्या रत्नागिरीची दापोली समजून म्हणाल्या, "आता गेलाच आहात समुद्रावर, तर मासे आणा." सकाळी सिंगापूर, दुपारी दापोली आणि दोन्ही पायी! ही गोष्ट तो अजून भेटेल त्याला सांगतो आणि सांगताना दर वेळी नव्याने हसतो.

सिंगापुरात ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. त्यांचं माहेर खाली दापोलीत. लग्न होऊन त्या नाळेनेच वर आल्या, नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावर पितळेची कळशी घेऊन. मीठ, सुकट, बांगड्या सगळं नाळेने वर यायचं आणि माथ्यावरची नाचणी, वरई नाळेने खाली जायची. पहिलं बाळंतपण जवळ आलं तेव्हा याच वाटेने त्या भावाच्या मागे मागे उतरल्या होत्या. आता माहेरी जायचं म्हणजे गाडीने वेल्ह्याकडे जाऊन सगळा घाट फिरून महाडकडून खाली यायचं. एक दिवस मोडतो आणि पैसे जातात ते वेगळेच. गुडघे गेल्यापासून त्यांनी नाळ उतरलेली नाही. भाऊही थकला. चार वर्षांत भेट नाही.

सकाळी निघताना त्यांनी एका जुन्या हिरव्या खणाच्या फडक्यात वालाच्या शेंगा आणि थोडी वरई बांधून दिली. "जाताय तसं भावाच्या घरी टाका बाबांनो," म्हणाल्या. गाठ मारताना फडक्याची दोन टोकं एकमेकांवर न घेता आधी पीळ दिला, मग आतून काढून ओढली. कंडक्टरने लगेच चिमटा दोनदा वाजवला आणि म्हणाला, "आजी, लगेज बुक झालं."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नाळेच्या तोंडाशी उभं राहिलं की लिंगाण्याचा सुळका दिसतो आणि त्याच्या पलीकडे रायगडाचा माथा. नाळ चांगली आहे, दगडधोंडे आहेत, पण पाय ठरतो. अडचण खालच्या सपाटीवर आली. गावाकडे वळणाऱ्या वाटेवर सिमेंटचे खांब, काटेरी तार आणि कुलूप लावलेलं फाटक. जागा कुणाची हे मला इथे लिहायचं नाही. राखणीला एक तरुण होता. म्हणाला, "रस्ता नाही हितनं." मी सॅकमधून गावनकाशा काढून दगडावर पसरला आणि त्याला तुटक रेष दाखवली. नकाशात एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग. आमची मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. पायमार्ग चार आण्यांचा, म्हणजे सव्वाआठ फूट. ती रेष बरोबर त्या फाटकातून जात होती. पोरगा वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने रेषेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश नाळेपर्यंत नेलं. "माझी आजी हितनंच गवताचा भारा आणायची," तो म्हणाला. पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. कोरड्या ओढ्यातून, काट्यांतून दीड तास फिरून आम्ही गावात गेलो. कंडक्टरने सबंध वेळ आजींचं बोचकं छातीशी धरलं होतं.

संपादक महोदय, माझं आयुष्य या रेषा मोजण्यात गेलं, म्हणून अधिकाराने सांगतो. पायवाट नकाशावर असली म्हणून जमिनीवर टिकत नाही. ती चालण्याने टिकते. गावापर्यंत डांबरी रस्ता आला ही चांगलीच गोष्ट आहे, रात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेता येतं. पण त्यामुळे नाळेने जाणारी माणसं कमी झाली. दोन-तीन पावसाळे वाट चालली नाही की गवत चढतं, मग कारवी, मग पाण्याने पायऱ्यांचे दगड निसटतात. आणि जिथे चालणारं कुणी दिसत नाही तिथे तार ओढायला कुणाचा हात अडखळत नाही. हे सिंगापूर नाळेपुरतं नाही. बोराट्याची नाळ, आग्या नाळ, मढे घाट, उपांड्या घाट, या सगळ्या वाटांनी घाटमाथा आणि कोकण एक ठेवलं होतं. राजधानी राजगडाहून रायगडाला गेली, तेव्हा दप्तरं, धान्य, माणसं अशाच वाटांनी उतरली असणार. दोन टोकांचे गड वारसा म्हणून जपायचे आणि त्यांना बांधणारा धागा तुटू द्यायचा, हे मला पटत नाही.

माझी विनंती साधी आहे. या गडांसाठी जे आराखडे होत आहेत त्यात राजगड, तोरणा, सिंगापूर, रायगड ही वाट धरावी. वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या गावनकाशांच्या प्रती काढून त्यावरचे पायमार्ग ग्रामसभेत वाचून दाखवावेत. वाट अडवली असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 पासून आहे, त्याचं कलम 5 याच कामाचं. पण अर्ज करायला आधी आपली वाट कोणती हे गावाला ठाऊक पाहिजे. ज्यांचे आजे त्या वाटेने गेले त्यांच्या नातवंडांना ते ठाऊक नसतं, कारण नकाशा कार्यालयाच्या कपाटात असतो.

ट्रेकिंग करणाऱ्या तरुण मंडळींनाही सांगणं आहे. तुम्ही या वाटा चालता म्हणून त्या आज आहेत, त्याबद्दल तुमचे आभार. कातळावर ऑइलपेंटचे बाण मात्र मारू नका. दगडांची लगोर रचली तरी पुरते. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला पुरते पैसे द्या. त्याचा मुलगा त्याच्याबरोबर आला तर वाट आणखी एक पिढी राहील. नाळ एकट्याने उतरू नका. आणि कारवीत शिट्टीपेक्षा लोखंडाची टकटक जास्त उपयोगी पडते, हा आमचा अनुभव आहे.

दापोलीत आजींचा भाऊ ओटीवर बसला होता. ऐंशीच्या पुढचा असेल. आम्ही काही सांगायच्या आत कंडक्टरने बोचकं त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते उघडलं नाही. आधी गाठ चाचपली, पीळ बोटाने उलगडून पाहिला आणि आत सुनेला हाक मारली, "अगं, आक्काकडनं आलंय." मग आम्हाला विचारलं, "पावणं, वर वाट हाये का आजून?" कंडक्टर म्हणाला, "आहे दादा. मधी फक्त फाटक लागलंय." म्हातारा बराच वेळ नाळेकडे बघत बसला. निघताना त्याने तेच फडकं परत बांधून दिलं, आत सुकट. गाठ तशीच, आधी पीळ, मग आतून.

पुढचा दिवस रायगडावर गेला. जगदीश्वराच्या पायरीवर रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावापुढे आम्ही दोघं डोकं टेकून आलो. ते फडकं सध्या आमच्या घरी खुंटीला टांगलेलं आहे आणि घरभर सुकटीचा वास आहे. शिमग्याआधी ते सिंगापूरला पोचवायचं आहे. गाडीने नेऊन देता येईल, पण कंडक्टर म्हणतो लगेज ज्या रूटने आलं त्याच रूटने परत जाणार, म्हणजे दापोलीतून नाळ चढून. त्याने पुन्हा दोन किलो कांदे आणले आहेत. मी त्या गावाच्या नकाशाची आणखी एक प्रत काढली आहे, फाटकावरच्या त्या पोराला देण्यासाठी.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
भोर