उधारीच्या वहीबद्दल

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला दुकानाच्या हिशोबाचा तक्ता मी दोनदा वाचला आणि तुझ्या आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवला. चीज अंदाजाने घालण्याची माझी सवय महिन्याकाठी किती पैसे खाते हे तू आकड्यांत मांडलेस ते मला पटले, म्हणून दुसऱ्याच दिवशी रविवार पेठेतून वजनकाटा आणला आणि आता मध्यम पिझ्झ्यावर ८० ग्रॅम असा नियम केला आहे. हात अजून सरावलेला नाही. मात्र तक्त्याच्या शेवटी तू लिहिलेले ‘स्वस्त चीज’ आणि ‘उधारी बंद’ हे दोन उपाय मला मान्य नाहीत, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना फोनवर कारणे सांगणे जमत नाही, म्हणून हे पत्र.

स्वस्त चीजचा प्रयोग मी तुला न कळवता गेल्या वर्षीच करून चुकलो आहे. एका घाऊक विक्रेत्याने गळ घातली आणि दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेले चीज मी आठवडाभर वापरले. ओव्हनमधून निघताना त्यात आणि मोझरेलात फरक दिसत नाही. पण पाच मिनिटे ताटलीत राहिले की ते रबरासारखे आवळते आणि टाळूला तेलकट थर चिकटून राहतो. दर शनिवारी येणाऱ्या समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी एक तुकडा खाल्ला, उरलेल्यावर कागदी रुमाल पसरला, पूर्ण पैसे दिले आणि “आज भूक नव्हती हो” असे म्हणून ते निघून गेले. सदाशिव पेठेतला माणूस तक्रार न करता उठला, यावरूनच काय ते मी समजलो.

घरपोच ऑर्डरच्या अ‍ॅपचे काम तुझ्या भावाकडे दिले आहे. शंभरातले वीस-पंचवीस रुपये तिकडे जाणार, शिवाय टोस्ट सँडविच डब्यात कोंडले की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते, तेव्हा तिथे फक्त पिझ्झा ठेवू.

आता वही. तुझा आकडा खोटा नाही. काही पैसे बुडतात, आणि ते कोणाकडे बुडाले हेही मला बहुतेक वेळा ठाऊक असते. पण ही उधारी कोणाची असते ते तक्त्यात दिसत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी परभणी, लातूर, नंदुरबारहून आलेली ही मुले पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात, अभ्यासिकेचे आणि मेसचे पैसे आधी भरून टाकतात, आणि घरून येणारी रक्कम कधी पहिल्या आठवड्यात, तर कधी सोयाबीन विकल्यावर येते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्यामुळे आपली सर्वांत मोठी गर्दी त्याच वेळी होते, हे तुझ्या आकड्यांतही आले असेल. २०२१ साली राज्यसेवेची १४ मार्चची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्यावर, ११ मार्चला मुले नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर उतरली होती, तेव्हाचे तुला आठवत असेल. परीक्षा २१ तारखेला झाली. लोकांच्या लेखी तो एका आठवड्याचा प्रश्न होता. पण १४ तारखेपर्यंतचेच पैसे मोजून ठेवलेल्या मुलांना तो आठवडा कसा काढायचा ते समजेना, आणि आपल्या वहीची चार पाने त्याच दिवसांत भरली.

आई वहीत नावे लिहीत नाही, गाव आणि खूण लिहिते: ‘परभणी, चष्मा’, ‘नंदुरबार, सायकल’. त्यांतला ‘सांगोला, उंच’ दोनदा नापास होऊन गावी परतला आणि आम्ही ते पैसे सोडून दिले होते. गेल्या महिन्यात तो भावाच्या कामासाठी पुण्यात आला, तेव्हा घरच्या डाळिंबांची पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाला, “काकू, माझे ६४० राहिलेत.” आईने पान काढले, तर ती ओळ तिने स्वतःच खोडलेली होती. तिने त्याला तेवढेच दाखवले. त्याने तरीही पैसे ठेवले, आणि मग बीट जास्त घातलेले सँडविच मागून उभ्यानेच खाल्ले. त्या दिवशी मी बटर नेहमीप्रमाणे स्लाइसच्या कडेपर्यंत लावले होते, नाहीतर चटणी पावात मुरते, हे त्याने बोलून दाखवले. मला वाटत होते की हे फक्त मलाच माहीत आहे.

तुझे एक मात्र ऐकतो. आई तारीख लिहीत नाही, त्यामुळे जुनी-नवी बाकी एकात एक मिसळते. तेव्हा तारखेचा रकाना आखू आणि एका खुणेला ५०० रुपयांपर्यंतच मुभा ठेवू. आईला ही मर्यादा पसंत नाही. ती म्हणते की सांगोल्याचा मुलगा त्यात बसला नसता. तिच्याशी ते तूच बोल.

कांदेनवमीला जमल्यास ये. त्या दिवशी कांदा पिझ्झ्याला रांग लागते, आणि एकादशीपासून चातुर्मासासाठी बिनकांदा-लसणीचा सॉस वेगळ्या पातेल्यात करावा लागतो, त्यासाठी एक जोडी हात कमी पडतात.

तुझे,
बाबा