कडब्याची टाळी

अंबाजोगाई

प्रिय गड्या,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, राहूनच गेलं. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच.

नाथांची भारुडं बसवली. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा. आजवर डोळस माणसंच डोळे मिटून आंधळा करत आली. आपल्याकडं तो अक्का करतात, ज्यांना खरंच दिसत नाही, आणि बहिरा करणारा पोरगा जन्मापासून कर्णबधिर आहे. सोबत हलगीवाल्या मामांचा स्वमग्न नातू. तुझं सारखं आठवत होतं: "आंधळ्यांचं वेगळं बसव, बहिऱ्यांचं वेगळं. एकाला लागतं तेच दुसऱ्याला सोसत नाही." परळीच्या स्टँडवर यावरून आपली एसटी चुकली होती. तेव्हा 1995चा कायदा होता, अपंगत्वाचे प्रकार 7. 2016च्या कायद्यात ते 21 झाले, स्वमग्नताही आली. मग लेका, आता 21 नाटकं बसवू का?

पण तू म्हणालास तसंच झालं. पहिल्या तालमीत मामांनी हलगी शेकून कडक केली. बहिऱ्या पोराच्या छातीत ठेका लागला, तो हसला. नातू कान दाबून बाकाखाली शिरला. मग हलगी न शेकता, तखताला टेकवून वाजवली. मामा दोन दिवस बोलले नाहीत. पोरगा मात्र अनवाणी तखतावर उभा राहिला, तळपायांनी ठेका घेत. त्या बसक्या आवाजाला धरून अक्कांनी चाल खाली उतरवली, आणि भारूड असं काळजात गेलं की मामांचाही राग विरघळला.

खरी चूक प्रयोगात झाली. कडकडाट नातवाला सोसणार नाही, म्हणून लोकांना सांगितलं, हात वर करून पंजे हलवा, कर्णबधिर देतात तशी टाळी. सगळं मंगल कार्यालय हातांनी भरलं. पोराच्या डोळ्यांत पाणी. आणि मधोमध अक्का उभ्या, कानावर काहीच येईना. माझा दंड धरून म्हणाल्या, "उठून गेले का रे सगळे?"

गड्या, त्यांना आधी सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मार्ग काढला तो अक्कांनीच. जन्म ज्वारीच्या रानात गेलेला. म्हणाल्या, "टाळीला हातच कशाला? कडब्याची पानं द्या लोकांना." बनमीतली, म्हणजे कडब्याच्या गंजीतली, पेंढी ओढली, हातभर लांब पानं सोलली. डोक्यावर हलवली की पोराला दिसतात, अक्कांना सळसळ ऐकू येते. नातू आधी नुसता बघत बसला, मग त्यानंच दोन पानं उचलली. आता ती सळसळ भारुडातच शिरलीय. आंधळा वाट विचारतो, लोक ज्या बाजूला पानं हलवतील तिकडं अक्का चालतात. कुणी हात धरत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

पुढच्या महिन्यात लातूरला प्रयोग आहे, तू यायचंसच. पण तुझा दमा! त्या वर्षी खळ्यावर तुझी काय गत झाली होती, विसरलो नाही. पानं ओली केली तर सळसळ मरते, झटकली तर चुरा होतो. तुला कितपत सोसेल ते आधीच लिही. या खेपेला मला विचारून मगच करायचंय.

तुझाच