सूचना : पाणगवतासाठी वीड फिनचं माप

विंडसर्फिंग करणाऱ्या सर्व सभासदांसाठी. पावसाळा सरून आपल्या धरणांचं पाणी ओसरू लागलं की काठालगतचं पाणगवत वर येतं. बोर्डाच्या शेपटीखालचं सरळ उभं पातं, म्हणजे फिन, त्यात गुंततो, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस शिडासकट पुढे आपटतो. म्हणून मागे कललेला वीड फिन लावा. गवत त्यावरून घसरून जातं. मात्र तो नेहमीच्याच लांबीचा मागवू नका. बुडाशी रुंद असल्याने ३६ सेंमीच्या जागी साधारण २८ पुरतो. फारच छोटा घेतलात तर बोर्डाची शेपटी आडवी सटकते. मोठं शीड वापरणाऱ्यांनी एक माप वरचं घ्यावं. फिन बोर्डाच्या ज्या खाचेत बसतो तो बॉक्स पॉवर प्रकारचा की टटल, हे पैसे भरण्याआधी बघाच. आणि नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय कुणीही बोर्ड उतरवू नये, ही कळकळीची विनंती.