विषय: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते, आणि सर्व्हिस सेंटरने अजून एकदाही नीट निदान केलेलं नाही

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल ही तक्रार आहे, जरा लांबलंय पण कृपया पूर्ण वाचा, आणि जमलं तर टेक्निकल माणसाला वाचायला द्या. माझी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, अजून वॉरंटीत आहे. प्रॉब्लेम असा की वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला, किंवा चढ लागला, की गाडी मिसिंग मारते, पुढून थरथरते, उचलतच नाही. पाय काढला की त्याच क्षणी सगळं शांत. उभ्या गाडीत इंजिन एकदम गुळगुळीत चालतं. आणि झटके जोरात असतात तेव्हा चेक इंजिनचा दिवा नुसता लागत नाही, ब्लिंक होतो.

हे सगळं मी अ‍ॅडव्हायजरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी काय केलं तर व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, वर थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, आणि या सगळ्याचं बिल मला लावलं. आता चाकाचा बॅलन्स गेला असेल तर थरथर स्पीडवर अवलंबून असते ना, ठराविक स्पीडला येते, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असो नसो, स्टेअरिंगमध्ये जाणवते. माझ्याकडे स्पीड तोच राहतो, फक्त पाय उचलला की झटके जातात. म्हणजे गोष्ट इंजिनवर येणाऱ्या लोडची आहे. एवढा विचार कोणीतरी करायला हवा होता आणि त्यासाठी माझ्यासोबत एक चक्कर मारली असती तरी पुरलं असतं. टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली त्यांनी गाडी आवारात फिरवली आणि उभी करून रेस दिली, त्यात हा फॉल्ट दिसणारच नाही.

पुढच्या वेळी स्कॅनर लावला तेव्हा कोड आला पी०३०३. याचा अर्थ सरळ आहे, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. गाडीनेच जागा दाखवून दिली होती! तरी चारही स्पार्क प्लग बदलले, कोड पुसला आणि 'ओके' लिहून गाडी परत दिली. कोड पुसताना फ्रीझ फ्रेम डेटा पण गेला, म्हणजे मिसफायर झाला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिनचं तापमान किती ही जी नोंद गाडी स्वतः ठेवते ती कोणी वाचलीच नाही, निदान जॉब कार्डवर तरी त्यातलं काही नाही. झटके अर्थातच परत आले, कोडही परत तोच.

मग मी विनंती केली की तीनची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) एकला लावा आणि एकची तीनला, आणि माझ्यासोबत चढावर चला. कोड कॉइलच्या मागे गेला तर कॉइल खराब, तीनलाच राहिला तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बघा, मग कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का ते कळेल. याला नवीन पार्ट लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. उत्तर मिळालं की 'आमच्या प्रोसेसमध्ये असं नाही, ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट किंवा इंजिन माउंट असेल, ते बदलून बघू'. ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट झिजला तरी लोडवर गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, हे मलाही मान्य आहे. पण जॉइंट झिजला म्हणून दरवेळी नेमका एकाच सिलिंडरचा कोड येईल का? बदलून बघू म्हणजे निदान नाही, अंदाज आहे, आणि त्याचा खर्च माझ्या डोक्यावर.

शेवटी एका बाहेरच्या मेकॅनिकने माझ्यासमोर कॉइलची अदलाबदल केली. चढावर नेली, दिवा ब्लिंक झाला, स्कॅनरवर पी०३०१. कॉइल काढून दाखवली तर खालच्या रबरी बूटवर केसाएवढी बारीक राखाडी रेघ होती, वरपासून खालपर्यंत, स्पार्क तिथून बाहेर पळत होता. लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, स्पार्क पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते प्लगकडे न जाता बाजूने निघून जातं. आयडलिंगला गाडी ठीक का वाटते याचं उत्तर त्या एका रेघेत होतं. त्या कॉइलचे फोटो आणि दोन्ही वेळचे स्कॅन सोबत जोडलेत.

माझा सगळ्यात जास्त राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. दिवा ब्लिंक होतोय असं सांगूनही अ‍ॅडव्हायजर म्हणाले 'चालवा बिनधास्त, काही होत नाही'. ब्लिंक होणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापून खराब होऊ शकतो. शिवाय ओव्हरटेक करताना मध्येच गाडीने दम सोडला तर समोरून येणारी गाडी काही थांबणार नाहीये, माझ्या घरची माणसं असतात हो या गाडीत.

तर मला हे हवंय. खराब कॉइल वॉरंटीत बदलून द्या, आणि बाहेर अदलाबदल केली या कारणावरून वॉरंटी नाकारू नका, कारण तुमच्याकडे आधी मागितली होती आणि नकार जॉब कार्डवर लिहिलेला आहे. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, थ्रॉटल क्लीनिंग आणि प्लग यांचे पैसे परत करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा आणि रिपोर्ट लेखी द्या, उद्या तो गेला तर त्याचा संबंध या तक्रारीशी आहे हे माझ्या गाडीच्या रेकॉर्डवर आत्ताच यायला हवं. आणि कॉइल बदलल्यावर टेस्ट ड्राइव्ह चढावर, वरच्या गिअरमध्ये, स्कॅनरवर मिसफायरचा काउंट बघत घ्या, मी सोबत बसणार आहे.

उत्तर लेखी पाठवा, फोनवर नको.

आपला ग्राहक
(गाडीचा नंबर आणि जॉब कार्डच्या कॉपी सोबत जोडल्या आहेत)