पसरलेले बार, चेपलेले शब्द

धरमपेठ, नागपूर

प्रिय श्रीधर,

बार (उभ्या दोन रेघांमधले भाग) पसरतात आणि खालचे शब्द चेपतात म्हणून तू पाठवलेली गाण्याच्या नोटेशनची फाइल म्यूजस्कोर ४ या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. आधी एक कर, नोट्स माउसने सरकवत बसणं थांबव बे! त्या बिचाऱ्या चुकीच्या ठिकाणी पडलेल्या नाहीत, त्यांना जागा कमी-जास्त मिळतेय. हाताने बसवलेलं सगळं कागदाचा आकार बदलला की पुन्हा विस्कटतं.

पहिला घोळ कागदाचाच. ही फाइल मूळची अमेरिकेतली, फिनाले या दुसऱ्या नोटेशन प्रोग्राममधून काढलेली. (२०२४ मध्ये फिनाले बंद केल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून लोक जुनं काम म्यूझिक-एक्सएमएल (एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायचा फाइलप्रकार) करून बाहेर काढताहेत.) तिकडचा लेटर कागद २१५.९ मिमी रुंद, आपला ए-फोर २१०. फाइलमध्ये ओळ कुठे तोडायची याच्या खुणा आहेत, त्या लेटरच्या हिशोबाने. ए-फोरवर सहावा बार मावत नाही म्हणून तो खाली जातो, आणि ओळ तोडायची खूण नेमकी त्याच्यानंतर लगेच असल्याने एकटाच ओळभर पसरतो. तुझ्या दुसऱ्या पानावर हेच झालंय.

एडिट, प्रेफरन्सेस, इम्पोर्ट इथे जा. 'इम्पोर्ट लेआउट' आणि 'इम्पोर्ट सिस्टीम अँड पेज ब्रेक्स' या दोन्हींची टिक काढ आणि मूळ एक्सएमएल नव्याने उघड. आधी सेव्ह केलेली म्यूजस्कोरची फाइल उघडून काही होणार नाही, ही सेटिंग इम्पोर्ट करतानाच लागते. मग फॉरमॅटमधल्या पेज सेटिंग्जमध्ये ए-फोर निवड आणि स्टाफ स्पेस (स्टाफच्या पाच रेघांपैकी लागून असलेल्या दोन रेघांमधलं अंतर) १.७५ मिमी आहे ना ते बघ. एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडलंस तर वरच 'मिलिमीटर्स' आणि 'टेन्थ्स' असे आकडे दिसतील. चाळीस टेन्थ्स म्हणजे स्टाफच्या चार जागा; तिथे ७ असेल तर सातला चाराने भागून १.७५ येतात. तिथे ५.६ लिहिलं असेल तर स्टाफ स्पेस १.४ मिमीवर येते आणि सगळंच बारीक दिसतं.

आता बाराव्या बारकडे बघ. वरच्या कोपऱ्यात करडं अधिक चिन्ह आहे, म्हणजे बारमध्ये ठरल्यापेक्षा जास्त मात्रा भरल्यात. स्कॅनवरून केलेल्या फाइलींत हे हमखास सापडतं, टिंब असलेली नोट साधी वाचली जाते किंवा उलटं. हे स्पेसिंगने सुटत नाही, मूळ कागद समोर ठेवून मात्राच दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या व्हॉइसमध्ये (त्याच पाच रेघांवरची दुसरी सुरावट) नुसते रेस्ट (थांब्याच्या खुणा) भरलेले असतील तर तेही निवडून डिलीट कर. पहिल्या व्हॉइसचे रेस्ट जात नाहीत, दुसऱ्याचे जातात.

खरा त्रास मात्र शब्दांचा आहे. एका नोटेखाली 'ज्यो', पुढच्या बारक्या नोटेखाली 'त्स्ना'. जोडाक्षरं रुंद, आणि शब्द एकमेकांवर चढू नयेत म्हणून प्रोग्राम नोट्सच लांब ढकलतो. त्यात तू 'रेऽऽऽ' असं एकाच नोटेखाली टाइप केलंयस. अरे, ते चार अक्षरांएवढी जागा खातं! नुसतं 'रे' लिही आणि अंडरस्कोर दाबत पुढच्या नोटांवर जा, आपोआप रेघ ओढली जाते आणि जागा मोकळी होते. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी ठेव, साइज ९. त्याखाली गेलास तर गाणारे चष्मा शोधत बसतील. फाइलमधल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या मनाने दुसरा घेतो. म्हणून तुझ्याकडे एक मांडणी, माझ्याकडे दुसरी. आणि डीटीपीवाल्याकडून कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणलास तर तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवू नको, फॉन्ट बदलताच नुसती रोमन अक्षरं दिसतील.

एवढं करून कंट्रोल-ए आणि कंट्रोल-आर दाब, तू सरकवलेलं सगळं जागेवर येईल. तरीही एखादी ओळ दाटलीच तर तेवढे बार निवडून महिरपी कंसाची कळ वापर. उजव्या कंसाने ताण वाढतो, डाव्याने कमी होतो. दोन-तीनदा दाबणं पुरे, जास्त केलंस की शेजारचे बार चेपतात.

सीताबर्डीत प्रिंट काढताना 'फिट टू पेज' नको, 'ॲक्चुअल साइज' सांग. हातात कागद आला की पाच रेघांची उंची पट्टीने मोज. सात मिमी भरली तरच बाकीच्या प्रती काढायला दे.

तुझा,
विनू