लाइनचा ताप आणि कल्चरची बाटली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात खाटा वाढवाव्यात, ही मागणी मराठवाड्यात सतत होते आणि ती रास्तच आहे. मात्र खाटेबरोबर सेंट्रल लाइन नावाची नळी येते आणि लाइनबरोबर रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही येतो, याची चर्चा फारशी होत नाही.

केमोथेरपी, डायलिसिस किंवा दीर्घकाळ शिरेतून द्यावयाची औषधे यांसाठी मुलाच्या मानेतील, छातीतील अथवा जांघेतील मोठ्या शिरेत ही नळी बसवितात. तिच्या आतल्या बाजूस जंतू चिकट थर धरून बसतात आणि त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही. म्हणूनच उतरलेला ताप लाइन फ्लश करताच, म्हणजे द्रव सोडून धुताच, हुडहुडी भरून पुन्हा चढतो. अशा वेळी अँटिबायोटिक बदलत राहण्याची आपल्याकडे सवय आहे. वास्तविक पहिला डोस देण्यापूर्वी एक नमुना लाइनमधून आणि दुसरा हाताच्या शिरेतून, सारख्याच प्रमाणात आणि एकाच वेळी घेऊन ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातील जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठविला पाहिजे. लाइनच्या बाटलीत जंतूंची वाढ हाताच्या बाटलीपेक्षा किमान 2 तास आधी दिसली, तर संसर्गाचे मूळ लाइनमध्येच असल्याचा तो सबळ पुरावा मानला जातो. मूल अत्यवस्थ असेल तर औषध अडवून ठेवू नये, हे खरेच. पण नमुना घ्यायला काही मिनिटेच लागतात.

माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेतच झाली. तिथे वॉर्डातून येणाऱ्या कित्येक बाटल्यांवर मुलाचे नाव असे, पण रक्त लाइनमधले की हातातले याची नोंद नसे. रात्री घेतलेला नमुना सकाळपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलेला असे, कारण बाकीचे नमुने तसेच ठेवतात. कल्चरच्या बाटलीला मात्र गारवा चालत नाही. बाटलीत रक्तही कधी जेमतेम अर्धा मिली. मुलाचे रक्त काढताना हात आखडतो हे समजते, तरी एवढ्याशा रक्तात जंतू सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असे म्हणता येत नाही.

आणि जंतू कोणता हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय होत नाही. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक स्टॅफिलोकोकस या जंतूवर चालते, क्लेबसिएला या जंतूवर अजिबात नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कॅन्डिडा ही बुरशी निघाल्यास लाइन काढावी लागते. त्वचेवरचा सौम्य स्टॅफिलोकोकस असेल आणि मुलाची प्रकृती स्थिर असेल, तर शिरेतील औषधाबरोबर लाइनमध्ये तीव्र मात्रेचे अँटिबायोटिक भरून ठेवून, म्हणजे ‘लॉक’ देऊन, साधारण 10 ते 14 दिवसांत तीच लाइन वाचविता येते. उपचाराचे दिवसही पहिले कल्चर निर्जंतुक आल्यापासून मोजायचे असतात, ताप उतरल्यापासून नव्हे. लाइन काढायची म्हटले की नातेवाईक बिथरतात. शिरा सापडत नाहीत, प्लेटलेट कमी असतात, पुन्हा टोचणे नको वाटते. डॉक्टरांचीही घालमेल होते. तरीही कॅन्डिडा असताना लाइन राखण्याचा हट्ट मुलाच्या जिवावर बेतू शकतो, हे कोणीतरी आई-वडिलांना खाली बसवून समजावले पाहिजे.

परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव येथे अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. तेथील बालरोग विभागांत लहान मुलांसाठीच्या कल्चर बाटल्या रात्रंदिवस उपलब्ध असाव्यात, प्रयोगशाळेने त्या रात्रीही स्वीकारून यंत्रात लावाव्यात आणि दर 1000 लाइन-दिवसांमागे (एका मुलाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) किती मुलांना संसर्ग झाला, याचा आकडा प्रत्येक विभागाने दरमहा फलकावर लावावा, अशी वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती आहे. नवीन खाटांच्या प्रस्तावातच या खर्चाचे कलम घालता येईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परभणी